संग्रहातल्या उल्कापाषाणाचा वर्ग

खासगी संग्रहातल्या उल्कापाषाणाखाली ‘एल ६’ अशी चिठ्ठी असेल, तर ती दगडाच्या रूपावरून लिहिलेली नसावी. जळकी काळी साल ताज्या पडलेल्या बहुतेक दगडांना असते. वर्ग ठरतो आतल्या खनिजांवरून. २०१२ साली नागपूर जिल्ह्यात काटोलला पडलेले दगड ‘एल ६’ वर्गातलेच. ‘एल’ म्हणजे कमी लोहाचा कॉन्ड्राइट, आणि ६ हा आकडा तो मूळ लघुग्रहात किती भाजला गेला याचा. ३ मध्ये कॉन्ड्र्यूल नावाचे गोल दाणे ठसठशीत असतात, ६ मध्ये ते भोवतालात जवळजवळ मिसळून गेलेले. ‘एच’ (जास्त लोहाचा) की ‘एल’ हे मुख्यतः ऑलिव्हिनमधल्या लोहावरून कळते, आणि त्यासाठी घासून चकचकीत केलेला काप इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबखाली धरावा लागतो.

दगड उल्कापाषाण आहे का हे पाहायला चुंबक लावला की झाले, असे म्हणणारे पुष्कळ. पण मॅग्नेटाइट असलेला पृथ्वीवरचा खडकही चुंबकाला चिकटतो, आणि १८६५ साली बिहारात शेरघाटीला पडलेल्या मंगळाच्या दगडात धातुरूप लोह नाहीच. शिवाय जोरकस चुंबकाने दगडातली प्राचीन चुंबकीय नोंद पुसली जाते. मंगळाच्या ‘ब्लॅक ब्यूटी’ या उल्कापाषाणाच्या अनेक तुकड्यांचे तेच झाले. कापल्याने दगड बिघडतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तरी मिटिऑरिटिकल सोसायटीच्या नियमानुसार २० ग्रॅम किंवा वजनाचा पाचवा हिस्सा, यांतले कमी असेल तेवढेच, वर्गाची अधिकृत नोंद होण्यासाठी, मान्य संग्रहसंस्थेत जमा करावे लागते: पन्नास ग्रॅमच्या दगडातले दहा.