हॉट रॉडचा मुलामा: क्रोम, निकेल की रंग?

हॉट रॉड म्हणजे अमेरिकेत, मुख्यतः 1928 ते 1934 या काळात तयार झालेली जुनी मोटार, बहुतेक वेळा फोर्डची, जिचे मडगार्ड, बॉनेटचे बाजूचे पत्रे आणि वेगाच्या आड येणारे इतर भाग उतरवून तिच्यात अधिक ताकदीचे इंजिन बसवलेले असते. 1932 साली फोर्डने सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल अशा किमतीत व्ही-8 इंजिन दिले, 1937 साली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली, आणि म्युरॉक, एल मिराज यांसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर स्वतःच्या हाताने सुधारलेल्या गाड्यांचा वेग मोजण्याचा छंद एका मोठ्या परंपरेत रूपांतरित झाला. मडगार्ड काढल्याचा एक परिणाम मात्र वेगाशी संबंधित नव्हता. एरवी पत्र्याआड दडलेले पुढचे ॲक्सल, स्टिअरिंगचे दांडे, स्प्रिंग आणि ब्रेकचे ड्रम उघडे पडले, आणि यंत्राचा प्रत्येक भाग नजरेला येऊ लागल्यावर त्याचा पृष्ठभाग कसा असावा, हा प्रश्न गाडी बांधणाऱ्यासमोर उभा राहिला.

या प्रश्नाचे उत्तर सबंध गाडीसाठी एकदाच देण्याची सवय अनेकांना असते. कोणी सर्व काही क्रोम करतो, तर कोणी क्रोम जुनाट ठरवून सर्व काही काळे करतो. वास्तविक प्रत्येक भागावर पडणारा भार, त्याला सोसावी लागणारी उष्णता, त्याचा मूळ धातू आणि ती गाडी ज्या काळाचे रूप धारण करू पाहते तो काळ, या चार गोष्टी पाहून एकेका भागाचा निर्णय स्वतंत्रपणे घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. त्यासाठी क्रोमचा मुलामा म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्यावे लागते.

ज्याला व्यवहारात क्रोम म्हणतात तो प्रत्यक्षात अनेक थरांचा मुलामा असतो. विद्युत विलेपन या पद्धतीत धातूचे क्षार विरघळवलेल्या द्रावणात वस्तू बुडवून वीजप्रवाह सोडला जातो, आणि द्रावणातील धातू वस्तूच्या पृष्ठभागावर बसत जातो. चांगल्या कामात पोलादावर आधी तांब्याचा थर चढवून तो घासून गुळगुळीत केला जातो, त्यावर साधारण 20 ते 40 मायक्रॉन जाडीचा निकेलचा थर येतो, आणि सर्वांत वर क्रोमिअमचा जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉनचा पापुद्रा असतो; माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा पापुद्रा किती पातळ आहे याची कल्पना येते. पाहणाऱ्याला मोहवणारा आरशासारखा गुळगुळीतपणा मुख्यतः खालच्या निकेलचा आणि त्याहून खाली झालेल्या बफिंगचा असतो. क्रोमिअम त्याला किंचित निळसर छटा देते, ओरखड्यांपासून वाचवते आणि काळवंडू देत नाही. कल्हई करताना भांडे आधी नीट घासून घेतले नाही तर कथिल धरत नाही, तसेच येथेही आहे: पृष्ठभागावर राहिलेला बारीकसा खड्डा मुलाम्याखाली झाकला जात नाही, उलट चकाकीमुळे अधिक ठसठशीत दिसतो. क्रोमच्या बिलात मजुरीचा वाटा मोठा असतो तो यामुळेच, आणि स्वस्तात केलेले क्रोम दोन पावसाळ्यांत फोड धरते तेही यामुळेच. वरच्या थरात सूक्ष्म छिद्रे आणि भेगा असतात. त्यांतून शिरलेल्या पाण्याला अडवण्याचे काम निकेल करते, आणि ते पातळ असेल तर पोलाद आतून गंजू लागते.

ही पद्धत व्यवहारात आली ती 1920 नंतरच्या दशकात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक यांनी सहकाऱ्यांसह क्रोमिक आम्लाच्या द्रावणात सल्फेटचे अल्प पण काटेकोर प्रमाण राखले तर क्रोमिअम भरवशाने बसते हे दाखवून दिले, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींवरील निकेलची जागा क्रोम घेऊ लागले. गाडीच्या काळाचे भान ठेवणाऱ्याला हा तपशील फार उपयोगी आहे. फोर्डच्या 1928 आणि 1929 सालच्या मॉडेल ए गाड्यांच्या रेडिएटरच्या चौकटीवर निकेलचा मुलामा होता, तर 1930 आणि 1931 च्या गाड्यांवर ती चौकट स्टेनलेस स्टीलची झाली. अशा गाडीवर आधारलेल्या हॉट रॉडवर निकेलची उबदार, किंचित पिवळसर झाक क्रोमच्या थंड झगमगाटापेक्षा अधिक खरी वाटते. निकेलला अधूनमधून पुसून पॉलिश करावे लागते, नाहीतर त्यावर धुरकट साय येते. पण जुन्या पत्र्याच्या मंद रंगाशी जुळणारा मुलामा त्याच्यासारखा दुसरा नाही.

दुसरीकडे, ज्या गाड्या 1950 च्या दशकातील प्रदर्शनांचे रूप घेतात, त्यांच्यावर क्रोमला पर्याय शोधणे इतिहासालाच नाकारण्यासारखे होईल. ओकलंड येथील रोडस्टर प्रदर्शनात 1950 साली अमेरिकेतील सर्वांत सुंदर रोडस्टरचा पुरस्कार सुरू झाला. तो 1958 आणि 1959 अशी सलग दोन वर्षे जिंकणारी, जॉर्ज बॅरिस यांच्या कारखान्यात घडलेली ‘आला कार्ट’ ही गाडी खालच्या अंगापर्यंत क्रोमने मढवलेली होती. परीक्षक गाडीखाली आरसे ठेवून पाहत असतील, तर ॲक्सलचा तळही चकाकला पाहिजे, ही त्या काळाची धारणा होती. पुढे 1970 आणि 1980 च्या दशकांत जॉन बुटेरा आणि बॉइड कॉडिंग्टन यांनी ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून यंत्रावर कोरलेले भाग आणि एकरंगी, सपाट पृष्ठभाग पुढे आणले, आणि क्रोमशिवायही गाडी उंची दिसू शकते हे पटवून दिले. 1997 साली पेबल बीच येथील अभिजात मोटारींच्या प्रतिष्ठित स्पर्धेत हॉट रॉडसाठी प्रथमच स्वतंत्र वर्ग ठेवला गेला आणि डोन स्पेन्सर यांच्या 1932 च्या फोर्ड रोडस्टरला पहिले स्थान मिळाले. तेव्हापासून गाडीवर कोणत्या वर्षी कोणता मुलामा असू शकला असता, याची चिकित्सा अधिकच गंभीरपणे होऊ लागली.

रूपाइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. क्रोमच्या टाकीत सोडलेल्या विजेचा फार थोडा भाग, साधारण दहा ते वीस टक्के, क्रोमिअम बसवण्याच्या कामी येतो. उरलेल्या विजेने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू सुटतो. त्यातील काही हायड्रोजन पोलादात शिरतो, मुलाम्यापूर्वी केलेल्या आम्लाच्या धुलाईतही तो शिरतो, आणि जे पोलाद जितके कडक व ताणाला बळकट असते तितके ते त्यामुळे ठिसूळ होते. असा भाग बाहेरून निर्दोष दिसतो आणि भाराखाली, कधी बसवल्यानंतर काही तासांनी तर कधी काही दिवसांनी, अवचित तुटतो. म्हणूनच स्प्रिंगची पाती, उच्च ताकदीचे बोल्ट आणि टॉर्शन बार यांना क्रोम देऊ नये, असा आग्रह जाणकार धरतात. जेथे मुलामा देणे अटळ असेल तेथे तो चढल्यावर शक्य तितक्या लवकर, काही तासांच्या आत, साधारण 190 अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत तो भाग बराच वेळ ठेवावा लागतो, म्हणजे अडकलेला हायड्रोजन बाहेर पडतो. घडीव पोलादाचे जुने ॲक्सल तुलनेने मऊ असल्याने हा धोका तेथे कमी असतो. मात्र स्टिअरिंगचा दांडा असो वा ॲक्सल, तो मुलाम्याला पाठवण्यापूर्वी चुंबकीय कणांच्या तपासणीने त्यात तडा नाही याची खात्री केलीच पाहिजे, कारण एकदा निकेल चढले की तडा दिसेनासा होतो. हाताने चालणाऱ्या प्रत्येक स्टिअरिंगमागे एक जीव बसलेला असतो, आणि त्यापुढे कोणत्याही झगमगाटाचे मोल शून्य आहे.

उष्णतेचा प्रश्न मुख्यतः एक्झॉस्टच्या नळ्यांपुरता आहे. इंजिनाजवळच्या भागात क्रोम तापून आधी पिवळे आणि मग निळे पडते, कारण त्यावर ऑक्साइडचा पातळ थर वाढतो. तेथे सिरॅमिकचा लेप अधिक टिकतो आणि उष्णताही नळीतच राखतो. तो मंद चंदेरी असल्याने दुरून पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमसारखा दिसतो.

ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडसारख्या ओतीव भागांना क्रोम देणे शक्य असले, तरी आधी जस्ताचा अंतर्थर बसवावा लागतो आणि ते काम कसबाचे असते. नुसते पॉलिश त्यांना अधिक शोभते. ॲनोडायझिंगमध्ये ॲल्युमिनियमच्याच पृष्ठभागाचे विजेच्या साहाय्याने कठीण ऑक्साइडमध्ये रूपांतर केले जाते. ते कोरीव भागांवर देखणे दिसते, परंतु सिलिकॉनचे प्रमाण अधिक असलेल्या ओतीव मिश्रधातूवर डागाळ राखाडी उतरते. पावडर कोटिंगमध्ये विद्युतभारित भुकटी भागावर फवारून ती 180 ते 200 अंशांच्या भट्टीत वितळवली जाते, आणि चासी किंवा चाकांसाठी ते अत्यंत उपयुक्त आहे. मात्र त्याची जाडी बोल्टच्या आट्यांत आणि बेअरिंगच्या घरांत अडचणीची ठरते, त्यामुळे त्या जागा झाकून घ्याव्या लागतात. मॅट काळ्या प्राइमरची, म्हणजे रंगाखालच्या अस्तराची, फॅशन कोरड्या तलावांवर धावणाऱ्या, अपुऱ्या पैशांत बांधलेल्या गाड्यांची आठवण म्हणून जपली जाते. परंतु प्राइमर सच्छिद्र असल्याने तो ओल शोषतो आणि उघडा ठेवल्यास त्याखाली गंज धरतो. तो देखावा हवा असेल तर मॅट थर देणारा पूर्ण रंग वापरणेच योग्य.

क्रोमची निवड करताना ते करणाऱ्या कामगाराचा विचार न करणे आता शक्य नाही, आणि करूही नये. पारंपरिक द्रावणात क्रोमिअम षट्संयुजी अवस्थेत असते. टाकीतून उसळणाऱ्या हायड्रोजनच्या बुडबुड्यांबरोबर त्याचे तुषार हवेत जातात, आणि ही संयुगे फुप्फुसाचा कर्करोग घडवतात हे प्रस्थापित झालेले आहे. गाडीवर बसलेला धातुरूप क्रोम मालकाला बाधत नाही. किंमत मोजतो तो टाकीपाशी उभा असलेला माणूस आणि कारखान्याशेजारची वस्ती. क्रोमऐवजी वापरता येणारे स्टेनलेस स्टीलही सर्वस्वी निर्दोष नाही, कारण ते वेल्डिंगने जोडताना उठणाऱ्या धुरात षट्संयुजी क्रोमिअम असते. मात्र तेथे धूर ओढून घेणारी यंत्रणा आणि मुखवटा यांनी धोका आटोक्यात ठेवता येतो. त्रिसंयुजी क्रोमिअमच्या द्रावणातून चढणारा मुलामा खूपच कमी घातक आहे आणि तो आज उत्तम दर्जाचा मिळतो.

हॉट रॉडच्या माहेरी, कॅलिफोर्नियात, राज्याच्या वायुसंसाधन मंडळाने मे 2023 मध्ये शोभेच्या मुलाम्यातून षट्संयुजी क्रोमिअम 2027 पासून हद्दपार करण्याचा, आणि अधिकचे नियंत्रण बसवणाऱ्या कारखान्यांना 2030 पर्यंत मुदत देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे तेथील कारागिरांपुढे एक नवी व्यावहारिक अडचण उभी राहिली आहे: त्रिसंयुजी मुलाम्याची छटा जुन्या क्रोमपेक्षा थोडी गडद वा उबदार असू शकते, आणि शेजारी लावलेल्या दोन भागांवर ती उन्हात लगेच ओळखू येते. म्हणून ज्या गाडीला क्रोम हवेच, तिचे एकमेकांजवळ बसणारे सर्व भाग, हेडलाइटच्या कड्या, त्यांचा आडवा दांडा आणि ॲक्सल, एकाच कारखान्यातून एकाच खेपेला करून घ्यावेत. आणि पूर्वी क्रोम केलेला एखादाच भाग बदलायचा असेल, तर तो निकेलमध्ये किंवा गाडीच्या रंगात करून त्याची वेगळी ओळख उघडपणे मान्य करावी, जुळणाऱ्या क्रोमच्या शोधात खर्च वाढवू नये.