अतिथीनं तिथी कळवावी

सणाचं जेवण बिघडतं ते क्वचितच स्वयंपाकामुळे. पुरण सैल झालं, पोळी तव्यावर फुटली, चिंच घालायची राहिल्यामुळे अळूचं फदफदं घशाला खाजलं, म्हणून दोन घरांमधलं येणंजाणं थांबल्याचं माझ्या ऐकिवात नाही. उलट अशा फजित्या पुढच्या वर्षी हसत हसत सांगितल्या जातात. नाती दुखावतात ती वेगळ्याच कारणानं. कुणी तरी काही तरी वेळेवर सांगितलेलं नसतं, किंवा विचारलेलं नसतं.

ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी या शब्दाची फोड आपल्याकडे परंपरेनं सांगतात. पायी प्रवासाच्या काळात ते ठीकच होतं; वाटसरू बिचारा कुठून कळवणार? आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. तरीही गौरीजेवणाच्या दिवशी पाचांऐवजी नऊ जण दारात उभे राहतात आणि वर म्हणतात, ‘‘घरच्यांना कसलं आलंय आमंत्रण!’’

आमटीत तांब्याभर पाणी वाढवता येतं, पुरण असं वाढवता येत नाही. हरभऱ्याची डाळ शिजवायची, कट काढायचा, गूळ घालून आटवायचं, गरम आहे तोवर यंत्रातून काढायचं आणि मग एकेक पोळी लाटायची. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’नं वाटी-चमच्याची मापं देऊन नव्या गृहिणींची मोठी सोय केली. पण ऐनवेळी किती पानं वाढतील, याचं माप कुठल्याच पुस्तकात मिळत नाही. ते पाहुण्यानंच सांगायचं असतं.

गौरींचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. अनुराधा नक्षत्रावर त्यांना आणायचं, ज्येष्ठावर पूजा आणि जेवण, मूळ नक्षत्रावर निरोप. घरी आलेल्या माहेरवाशिणीचा हा सण. म्हणजे पाहुणचाराचाच सण म्हणा ना. आणि रीत तरी सगळीकडे एक कुठे आहे? देशावर पुरणपोळी आणि सोळा भाज्या, तर कोकणातल्या कित्येक घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मासे-मटणाचा नैवेद्य. अशा दोन घरांची सोयरीक जुळली की पहिल्याच सणाला कुणी तरी नाक मुरडतं. ‘‘तुमच्याकडे कसं करतात?’’ हा एक प्रश्न आधी विचारला, तर नाक मुरडण्याची वेळच येत नाही.

आमच्या नात्यातल्या एका घरी काही वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जेवणाची वेळ साडेबाराची सांगितलेली. मधुमेहाच्या एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनी त्या बेतानं इन्सुलिन टोचून घेतलं. इकडे पुरण पातळ झालं, ते आटवता आटवता दीड वाजला. नैवेद्य व्हायचा होता, म्हणून मागायचं कसं, असं वाटून ते गृहस्थ गप्प बसले. थोड्या वेळानं त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळायला लागलं. इन्सुलिन घेतलं आणि अन्न पोटात गेलं नाही की रक्तातली साखर अशी झपाट्यानं उतरते. ताबडतोब तोंडात गोड घातलं नाही, तर माणूस बेशुद्ध होऊ शकतो. घरातली एक भाची शुद्धीवर असलेल्या मामांना साखरपाणी द्यायला धावली, तर कुणी तरी म्हणालंच, ‘‘अगं, नैवेद्य व्हायचाय!’’ त्यावर देवघरातून आजी ओरडल्या, ‘‘दे आधी त्याला! पाहुण्याला उपाशी ठेवून गौरी जेवायची नाही.’’ पंधरा मिनिटांत मामा सावरले. आजींच्या त्या एका वाक्यात सगळं अतिथिधर्मशास्त्र आलं, असं मला वाटतं.

याच्या अगदी उलट टोकाला आपला आग्रह. ‘‘माझ्या हातची एवढी एक घ्याच!’’ या आग्रहाला मी नावं ठेवणार नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरचा मिलो ज्यांनी खाल्ला, त्या पिढीला दुसऱ्याच्या पानात वाढता येणं हीच श्रीमंती वाटली, तर नवल नाही. पण आज पंगतीतल्या दोघा-चौघांना पथ्य असतंच. ‘‘एका दिवसानं काही होत नाही’’ हे वाक्य यजमानानं उच्चारू नये. होतं ते पाहुण्याला होतं. एकदा विचारावं, नको म्हटलं की वाढपी पुढे सरकावा. आणि पाहुण्यानंही पथ्य आदल्या दिवशी सांगावं, पान वाढल्यावर नव्हे.

सगळ्यात मोठी चूक मात्र शेवटच्या पंगतीत होते आणि तिची कुठे चर्चाही होत नाही. अतिथीला देव मानायची शिकवण तैत्तिरीय उपनिषदातली. ती आपण घोकतो. पण तिथे अतिथीचा क्रम चौथा आहे, आईचा पहिला, हे विसरतो. पहाटे उठून स्वयंपाकाला लागलेल्या घरच्या बायका चार वाजता पानावर बसतात, तेव्हा डब्यात दोन तुटक्या पोळ्या आणि तळाशी गेलेली आमटी असते. ‘‘आम्हाला भूकच नाही,’’ असं त्या म्हणतात आणि बाहेर वामकुक्षी घेणाऱ्या मंडळींना ते खरं वाटतं.

यावर उपाय अवघड नाही. त्यांच्या वाटणीच्या पोळ्या पहिल्या पंगतीआधीच झाकून ठेवाव्यात. जेवून उठलेल्या पुरुषांनी आपापली ताटं उचलावीत, कमरेला पंचा खोचून दुसऱ्या पंगतीचं वाढप घ्यावं आणि स्वयंपाक करणारीला पानावर बसवावं. लग्नाच्या पंगतीत वाढायला आपण हौसेनं धावतोच, घरात लाज कसली?

यंदा कुणाकडे सणाला जेवायला निघण्यापूर्वी एक फोन करा. किती जण येतोय ते सांगा, किती वाजता येऊ आणि काय करून आणू, ते विचारा. पलीकडून ‘‘काही नको, तुम्ही या फक्त’’ असंच उत्तर येईल. तरी विचारा.