काठावरची साखर

उपाशीपोटी साखर 125 आली की दवाखान्यात ऐकू येतं, 'बॉर्डरवर आहे.' 126 आली आणि फेरतपासणीतही तेवढीच निघाली, की मधुमेह. बरं, ही रेघही पक्की नाही. 1997 साली अमेरिकी मधुमेहतज्ज्ञांनी ती 140 वरून 126 वर आणली. कालपर्यंत 130 घेऊन निरोगी हिंडणारा माणूस एकही जादा लाडू न खाता रोगी ठरला.

अशा रेघांच्या मुळावरच घाव घातला तो लोत्फी झादे यांनी. जन्म बाकूचा, नोकरी बर्कलीच्या विद्यापीठात, पेशा विद्युत अभियांत्रिकीचा. 1965 च्या 'फझी सेट्स' या निबंधात त्यांनी मांडलं ते एवढंच: एखादी गोष्ट गटात आहे की नाही यावर थांबू नका, किती आहे ते सांगा.

समजा, 'साखर जास्त' या गटात 100 ला मात्रा 0, 126 ला 1 आणि मधे सरळ चढ. मग 113 ची मात्रा 0.5, 125 ची 0.96. आता नियम घ्या: साखर जास्त आणि कंबर मोठी, तर धोका जास्त. 125 वाल्याच्या कंबरेची मात्रा 0.7 भरली, तर दोन्हींतली लहान, म्हणजे 0.7, एवढ्याच जोराने हा नियम बोलतो. असे अनेक नियम कमीअधिक आवाजात एकदम बोलतात आणि त्यांच्या गोळाबेरजेतून शेवटी एक आकडा निघतो. इथे भलेभले चकतात. 0.96 म्हणजे मधुमेहाची 96 टक्के शक्यता नव्हे. 'जास्त' हा शब्द आजच्या साखरेला किती शोभतो, त्याचं ते माप.

हे कागदावरच राहिलं नाही. इस्रायल, स्लोव्हेनिया आणि जर्मनीतल्या मधुमेही मुलांच्या शिबिरांत फझी नियमांवर चालणाऱ्या यंत्रणेने रात्रभर इन्सुलिन सांभाळलं. मुलं 56, वयं 10 ते 18. साखर धोकादायक पातळीला उतरण्याचे प्रसंग कमी झाले. 2013 साली ते प्रसिद्धही झालं.

पण चढ कुठे सुरू करायचा, हे ठरवतं कोण? मधुमेहावरच्या कितीतरी फझी निबंधांची परीक्षा एकाच माहितीसंचावर होते: अ‍ॅरिझोनातल्या पिमा जमातीच्या 768 स्त्रिया. त्यात 35 जणींचा रक्तदाब 0 नोंदलेला आहे! नोंद राहून गेली तिथे शून्य पडलं. त्यावर कुठलीही मात्रा चालत नाही. आणि पिमांवर बेतलेला चढ पुण्यात चालेल? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2.

तेव्हा फझी पद्धतीचा निबंध हाती आला, तर अचूकतेची टक्केवारी नंतर वाचा. चढ कोणाची शरीरं मोजून काढलाय, ते आधी शोधा.