नंबर तुमचा, नाव कुणाचं?

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी आमच्या वाड्यात यंदाचं शेवटचं हळदीकुंकू झालं. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला आणि बायका जरा टेकल्या. एरवी अशा वेळी गॅसचं सिलिंडर, मुलांच्या फिया आणि कामवालीच्या दांड्या हेच विषय निघतात. यंदा मात्र विषय एकच, मोबाइलची कंपनी! कुणाचा फोन जिन्यात लागतो पण घरात लागत नाही. कुणाचे पैसे न विचारताच कापले गेले. कुणाला तक्रार करायची तर अर्धा तास नुसतं गाणं ऐकावं लागलं.

पण खरी ऐकण्यासारखी हकिकत होती ती मागच्या खणातल्या वहिनींची.

वहिनी पोळीभाजीचे डबे देतात आणि सणासुदीला पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. त्यांचा नंबर गिऱ्हाइकांना तोंडपाठ. मागच्याच्या मागच्या दिवाळीत सगळी गल्ली नव्या कंपनीकडे वळली, तशा त्याही वळल्या. नंबर तोच, पॅक स्वस्त, इंटरनेट भरपूर. धाकटे दीर पुण्याहून आले होते. त्यांनीच दुकानात जाऊन आधार दाखवलं, अंगठा ठेवला आणि काम उरकलं. पहिलं सिमही त्यांच्याच नावावर होतं, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आणि होळी आली. वहिनी पहाटेपासून पुरणाच्या पातेल्यापाशी. फोन ओट्यावर, पण मुका! संध्याकाळी ओसरीवर आल्या तर एका गिऱ्हाइकाचे सात मिस्ड कॉल आणि खाली निरोप, "तुमचा फोन लागेना, दुसरीकडून घेतल्या." चाळीस पोळ्या घरात पडून राहिल्या.

तिथून सुरू झाली ती तक्रार. एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा. शेवटी एक मुलगी बोलली, अगदी गोड. म्हणाली, "मॅडम, सिम ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच बोलायला सांगा." वहिनी आम्हांला म्हणाल्या, "अहो, फोन माझा, गिऱ्हाईक माझं, पैसे दरमहा मी भरते. आणि नाव विचारलं तर भाऊजींचं!"

सगळ्याजणी एकदम गप्प झाल्या. कारण आमच्यापैकी निम्म्याजणींचं तसंच होतं.

हे असं होतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली. बोलणं फुकट, इंटरनेट आधी ३१ डिसेंबरपर्यंत आणि मग ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट. दुकानांपुढे रांगा लागल्या. रांगेत ज्याने आधार नेलं, सिम त्याच्या नावावर निघालं. घरात तीन सिमं आली आणि तिन्ही एकाच नावाची!

त्या वेळी नव्या कंपनीचे फोन जुन्या कंपन्यांच्या नंबरांवर पटकन लागत नसत, हेही पुष्कळजणींना आठवत असेल. दोन कंपन्यांची जाळी एकमेकींना जिथे जोडलेली असतात, ते सांधे अपुरे होते. हे भांडण ट्रायपर्यंत, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे गेलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया या तिघींना मिळून ३,०५० कोटी रुपये दंड करावा, अशी शिफारस केली. मोठ्यांचं भांडण मोठ्यांपाशी, पण दोन्हीकडे "हॅलो, हॅलो" करत बसली ती तुमच्याआमच्यासारखी माणसं.

तर मैत्रिणींनो, नवी कंपनी वाईट आणि जुनी चांगली असं काही नाही. सेवा गल्लीगणिक बदलते. कॉलेज रोडला खणखणीत लागणारा फोन जुन्या नाशकातल्या जाड भिंतीच्या वाड्यात मुका होतो. म्हणून जाहिरात पाहून नव्हे, आपल्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात कुणाचा फोन लागतो ते पाहून कंपनी निवडावी.

नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहायचा आणि १९०० वर एसएमएस करायचा. येणारा कोड चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. मात्र आताच्या कंपनीत ९० दिवस पुरे झालेले हवेत. बिलाचा फोन असेल तर थकबाकी भरलेली हवी, आणि प्रीपेड असेल तर शिल्लक पैसे बुडतात. एकाच विभागात साधारण तीन कामाचे दिवस लागतात. नाशिक महाराष्ट्र-गोवा विभागात येतं, मुंबईचा विभाग वेगळा. तेव्हा सासरहून मुंबईचा नंबर घेऊन आलेल्या लेकीला पाच दिवस धरावे लागतील. त्या दिवसांत बँकेचं महत्त्वाचं काम काढू नये.

आणि सगळ्यांत आधी नाव! नाव बदलण्याचा अर्ज चालू असताना कंपनी बदलता येत नाही. म्हणून आधी नंबर आपल्या नावावर करून घ्या, मग बाकीचं. ज्यांच्या नावावर सिम आहे त्यांची संमती लागते, ते हयात नसतील तर मृत्यूचा दाखला लागतो. आपल्या आधारवर किती नंबर निघाले आहेत, हे 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. तेही एकदा पाहून ठेवा.

तक्रारीसाठी १९८ हा फुकटचा नंबर आहे. फोन ठेवण्याआधी तक्रार क्रमांक मागून घ्या आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिला तरी चालेल! समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, पैसे पडत नाहीत. त्यापुढे ग्राहक आयोग आहेच. मोबाइल कंपनीविरुद्ध तिथे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. सासूबाईंना इंटरनेट नको असेल तर नुसतं बोलणं आणि एसएमएस असलेला पॅक मागा. तसे पॅक ठेवायला ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे.

वहिनींचं पुढे काय झालं? एका रविवारी त्यांनी भाऊजींना पुण्याहून बोलावलं. जेवू घातलं आणि दुपारी दुकानात नेलं. नंबर नावावर झाल्यावर त्यांनी स्वतः फोन केला, तक्रार क्रमांक घेतला आणि चार दिवसांनी पुन्हा केला. मग एका मुलाने फोनवरून वाय-फाय कॉलिंग सुरू करून दिलं. घरातल्या वाय-फायवरूनच आता फोन येतो, भिंत आड येत नाही.

"मग कंपनी नाही बदलली?" मी विचारलं.

"नाही बदलली," वहिनी पदर खोचत उठल्या. "पण उद्या बदलावीशी वाटली, तर पुण्याला फोन करावा लागणार नाही."