बेसबॉलची विश्वस्पर्धा आणि तिचे अनोळखी नियम

क्रिकेटवर वाढलेल्या आम्हा प्रेक्षकांना बेसबॉलचे आंतरराष्ट्रीय सामने पाहताना काही नियम कोड्यात टाकतात. खेळाचा मूळ सांगाडा मात्र सोपा आहे. प्रत्येक संघाला नऊ वेळा फलंदाजी मिळते आणि तीन गडी बाद झाले की पाळी संपते. चार बेसची फेरी पूर्ण केल्यास एक धाव मिळते. चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात.

राष्ट्रसंघांची ‘वर्ल्ड बेसबॉल क्लासिक’ ही स्पर्धा २००६ साली सुरू झाली. २०२३ च्या स्पर्धेत एका पिचरला गटसामन्यात ६५, उपांत्यपूर्व फेरीत ८० आणि त्यापुढे ९५ चेंडूंची मर्यादा होती. पन्नास वा अधिक चेंडू टाकणाऱ्यास चार दिवसांची विश्रांती सक्तीची होती. उत्तम लयीतील पिचर मध्येच बाहेर जाताना पाहून आपण हळहळतो. पण ही स्पर्धा मार्चमध्ये, अमेरिकेतील व्यावसायिक हंगामापूर्वी भरते. त्या वेळी खेळाडूंचे खांदे व कोपर पूर्ण भार सोसण्यास तयार झालेले नसतात. एकदिवसीय क्रिकेटमधील दहा षटकांची मर्यादा संघांचा समतोल राखते. येथील मर्यादा खेळाडूचा हात जपते.

इतर नियमांनीही हाच भार हलका होतो. पाच डावांनंतर १५ किंवा सात डावांनंतर १० धावांची आघाडी असल्यास गटसामना तेथेच थांबतो. नऊ डावांनंतर बरोबरी असल्यास दहाव्या डावापासून दुसऱ्या बेसवर एक धावपटू आधीच उभा केला जातो, म्हणजे निकाल लवकर लागतो. २०२३ मध्ये इटलीने क्यूबाला असेच दहाव्या डावात ६-३ ने नमविले.

सर्वांत कठोर नियम गुणतक्त्याचा आहे. त्या वर्षी तैवानमधील तायचुंग येथील गटात क्यूबा, इटली, नेदरलँड्स, पनामा आणि तैवान या पाचही संघांनी चारपैकी दोन-दोन सामने जिंकले. तेव्हा प्रत्येक संघाने दिलेल्या धावांना त्याने बाद केलेल्या गड्यांच्या संख्येने भागून क्रम लावण्यात आला. आपल्या परिचयाच्या नेट रनरेटमध्ये केलेल्या धावाही धरल्या जातात. येथे मात्र केवळ दिलेल्या धावा मोजल्या गेल्या. तैवानने गटात सर्वाधिक २६ धावा केल्या, पण ३१ दिल्या. क्यूबाने १५ आणि इटलीने १७ दिल्या. ते दोघे पुढे गेले आणि यजमान तैवान तळाशी राहिला.

याचा परिणाम दूरवर पोहोचला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तैवानने टोकियोत जपानला ४-० ने हरवून ‘प्रीमियर १२’ ही जागतिक स्पर्धा जिंकली. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला क्लासिकसाठी पात्रता फेरी खेळावी लागली. ती त्याने पार केली.

म्हणून असा सामना पाहताना आम्ही एवढेच सुचवू, की निकाल स्पष्ट दिसू लागला तरी उठू नये. हरणारा संघ अखेरच्या डावात एकेक धाव अडविण्यासाठी जिवाचे रान करतो, तेव्हा तो कदाचित पुढच्या स्पर्धेतील आपली जागा राखत असतो.