गालातलं बांधलेलं पाणी

अढीतला हापूस चार दिवस जास्त राहिला की सुरकुततो. साल काही वाढलेली नसते, आतला गर आकसलेला असतो. चाळिशीनंतर चेहऱ्याचं बरंचसं असंच होतं. गालातली चरबी कमी होते, उरलेली खाली घसरते, डोळ्याच्या खोबणीचं आणि जबड्याचं हाडसुद्धा थोडं झिजतं. मग नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल दिसू लागते. आरशात आपल्याला खुपते ती घडी. तूट मात्र वर, गालाच्या उंचवट्यात पडलेली असते. म्हणून जाणता डॉक्टर फिलरची, म्हणजे तूट भरून काढणाऱ्या जेलची, सुई घडीत घालण्याआधी गाल चाचपून बघतो. (बोटॉक्सचं काम निराळं. ते स्नायू सैल करतं, कपाळावरच्या आठ्या घालवतं. भरत काहीच नाही. बोटॉक्स आणि फिलर यांची गल्लत सर्रास होते.)

फिलर म्हणून बहुतेकदा भरतात ते हायलुरॉनिक ॲसिड. नाव ॲसिडचं, पण भाजणारं त्यात काही नाही. साखरेच्या रेणूंची ती लांबलचक साखळी असते. 1934 मध्ये कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून ते वेगळं काढलं. ‘हायलॉस’ म्हणजे ग्रीकमध्ये काच, त्यावरून हे नाव. मोठ्या माणसाच्या अंगात ते साधारण 15 ग्रॅम असतं, त्यातलं निम्मं त्वचेत. पाणी धरून ठेवणं हा त्याचा मोठा गुण. अडचण अशी, की शरीर ते सतत मोडतं आणि नव्याने घडवतं. त्वचेतला निम्मा साठा दिवस-दोन दिवसांत बदललेला असतो. ते जसंच्या तसं टोचलं, तर गाल फार दिवस भरलेले राहणार नाहीत.

म्हणून कारखान्यात या साखळ्या एकमेकींना रासायनिक गाठी मारून बांधतात. पूर्वी हे द्रव्य कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. आता बहुतेक जिवाणूंकडून, आंबवण्याच्या पद्धतीने करून घेतात. गाठींचं प्रमाण आणि जेल घडवण्याची रीत यांवर त्याचा घट्टपणा ठरतो. हनुवटीला आणि गालाच्या हाडावर घट्ट जेल लागतं, ओठांना मऊ, कारण ओठ दिवसभर हलत असतात. अशा पद्धतीचं रेस्टिलेन हे फिलर युरोपात 1996 मध्ये आलं, अमेरिकेत 2003 मध्ये मान्य झालं. टिकतं सहा ते अठरा महिने, असं सांगतात; एमआरआयमध्ये मात्र काहींच्या चेहऱ्यात ते कित्येक वर्षांनीही दिसलेलं आहे.

आता खुर्चीत बसा. खुणा बसवूनच करतात, कारण आडवं झालं की गाल मागे सरकतात आणि खड्डे लपतात. फोटो, चेहरा जंतुनाशकाने पुसणं, सुन्न करणारं क्रीम. बहुतेक जेलमध्येही लिडोकेन हे बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं. सिरिंज एक मिलिलिटरची, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा! डॉक्टर हाडालगत किंवा त्वचेखाली थेंबाथेंबाने, सावकाश ढकलतात. घाईने दाबणारा हात दिसला, तर थांबवायला लाजू नका. काही ठिकाणी सुईऐवजी कॅन्युला ही बारीक नळी वापरतात. तिचं टोक बोथट, छिद्र बाजूला. आधी सुईने वाट पाडून ती आत सरकवतात. तिने धोका घटतो, जात नाही.

धोका रक्तवाहिनीचा. जेल धमनीत शिरलं तर पुढचा रक्तपुरवठा तुटतो. भुवयांच्या मधली जागा आणि नाक इथे विशेष जपावं लागतं, कारण तिथल्या धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. दृष्टी गेल्याची उदाहरणं विरळा आहेत, पण गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. टोचताना कातडी अचानक पांढरी पडली, बेताबाहेर दुखू लागलं, नंतर निळसर जाळी उमटली, तर वाट बघायची नाही. डॉक्टर तिथली कातडी दाबून सोडतात आणि रंग किती वेळात परततो ते मोजतात. मग हायलुरॉनिडेज टोचतात. हे एन्झाइम बांधलेल्या साखळ्या तोडून जेल विरघळवतं. या फिलरचं मला पटणारं बलस्थान हेच: घातलेलं काढता येतं. नको वाटलेला आकारही याच उपायाने उतरवतात. जुलै 2025 मध्ये समाजमाध्यमांवर गाजणाऱ्या उर्फी जावेदने ओठांचं फिलर असं विरघळवतानाचा व्हिडिओ टाकला होता. सुजलेला चेहरा अनेकांनी पाहिला. तशी सूज तात्पुरती असते, मात्र या एन्झाइमची क्वचित ॲलर्जीही येते.

साधी सूज दोन-चार दिवस, काळानिळा डाग आठवडाभर. खरा आकार दोन आठवड्यांनी दिसतो, तोवर ‘अजून थोडं भरा’ म्हणू नये. डोळ्याखाली जेल फार वरच्या थरात पडलं तर तिथे निळसर छटा दिसते. गरोदरपणात, किंवा चेहऱ्यावर फोड-संसर्ग असताना हे टाळतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावं, स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. आणि सुईविना दाबाने जेल मारणारी जी पेनं विकली जातात, त्यांच्याविरुद्ध अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने 2021 मध्ये इशारा दिलेला आहे.

टोचणारी व्यक्ती त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीतली पदवीधर आहे ना, हे विचारा. सिरिंजचं पाकीट समोर फोडायला सांगा, त्यावरचं बॅच नंबरचं स्टिकर फाइलला लावून घ्या. हायलुरॉनिडेज कपाटात आहे का, तेही विचारा. निघताना एक फोन नंबर मागून घ्या: रात्री साडेदहाला ओठाची एक बाजू पांढरी दिसली, तर जो उचलला जाईल तो.