ट्रॉली म्हणजे ब्रास नव्हे

गेवराई-माजलगावच्या गोदाकाठापासून आष्टी-पाटोद्याच्या माळापर्यंत, घर बांधायला काढलेल्या माणसाच्या कानावर एक वाक्य हमखास पडतं : 'ट्रॉली म्हणजे एक ब्रास, त्यात मोजायचं काय?' हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की टेप काढणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं होतं. खरं तर मोजायचं पुष्कळ आहे. ब्रास म्हणजे १०० घनफूट, मेट्रिक मापात २.८३ घनमीटर. हे वाळूचं, खडीचं, मुरमाचं माप आहे, वाहनाचं नाही. सगळ्या ट्रॉल्या एका मापाच्या नसतात. कुणाची लांब, कुणाची आखूड, कुणाचे फाळके बुटके. त्यामुळे ट्रॉलीत किती माल मावतो, हे तिच्या आतल्या लांबी, रुंदी आणि उंचीवरूनच ठरतं. तिन्ही बाजूंची थोडी थोडी तूट नुसती बेरजेत जमा होत नाही, तिचा गुणाकार होतो. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २ फूट उंच ट्रॉलीत १२० घनफूट माल मावतो. लांबी आणि रुंदी सहा-सहा इंच कमी करा, उंची फक्त तीन इंच, उरतात ९१.४ घनफूट. शेजारी शेजारी उभ्या केल्या तर या दोन ट्रॉल्यांमधला फरक पटकन नजरेत भरणार नाही, पण माल जवळजवळ पाव हिश्श्याने घटलेला असतो.

बरं, टेप लावली म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. हीच छोटी ट्रॉली मोजून कागदावर पुऱ्या ब्रासची करता येते, आणि तेही कुणाची लबाडी नसताना. ९ फूट ६ इंच लांबी, ५ फूट ६ इंच रुंदी, १ फूट ९ इंच उंची. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बोटं सहज ९.६, ५.६ आणि १.९ दाबतात, आणि उत्तर येतं १०२. झाला ब्रास, वर दोन घनफूट जास्तीचे! पण फुटाचे इंच बारा असतात, दहा नव्हेत. सहा इंच म्हणजे ०.५ फूट आणि नऊ इंच म्हणजे ०.७५ फूट. खरं गणित ९.५ × ५.५ × १.७५ असं आहे आणि खरं उत्तर ९१.४. शाळेत शिकलेली एवढी साधी गोष्ट साईटवर रोज विसरली जाते आणि तिची किंमत घरमालक मोजतो, याची चीड यायलाच हवी. सोपा उपाय म्हणजे सगळं इंचातच मोजायचं : ११४ × ६६ × २१, आणि येईल त्याला १७२८ ने भागायचं. एका घनफुटात १७२८ घनइंच असतात, त्यामुळे दशांशाच्या घोळाला जागाच उरत नाही.

यावर पहिलं उत्तर येतं ते शिगेचं : 'वर शीग लावलेली असते की.' मुद्दा अगदीच खोटा नाही. वर सांगितलेल्या छोट्या ट्रॉलीवर मधोमध सहा इंच उंच शीग चारी बाजूंना उतरत गेलेली असेल, तर ती साधारण ९ घनफूट भरते आणि ब्रास जेमतेम पुरा होतो. पण भरताना दिसलेली शीग खडबडीत रस्त्याने येताना बसते आणि सांडते. म्हणून माप साईटवर, रिकामी करण्याआधी घ्यायचं, आणि शीग पिरॅमिडसारखी असेल तर तळाच्या क्षेत्रफळाला उंचीने गुणून तिसरा हिस्साच धरायचा. दुसरं उत्तर वजनाचं : 'काट्यावर घ्या, ब्रास म्हणजे चार टन.' कोरडी वाळू ब्रासला सव्वाचार ते साडेचार टनांच्या आसपास भरते. ओली असेल तर त्या वजनात पाणीही विकत घेतलं जातं. शिवाय किंचित ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर राहतात. चार-पाच टक्के ओलाव्याने घनफळ वीस-तीस टक्क्यांनी वाढू शकतं, बारीक वाळूत त्याहूनही जास्त. ज्यांना शंका असेल त्यांच्यासाठी भारतीय मानक २३८६ च्या तिसऱ्या भागात याची चाचणी दिली आहे. सरळ बाजूंच्या भांड्यात वाळू सैल भरून उंची मोजा. ती काढा, भांडं अर्धं पाण्याने भरा, वाळू परत टाकून ढवळा आणि बसू द्या. २० सेंटिमीटरची वाळू १६ वर आली, तर फुगवटा २५ टक्के.

'सरकारसुद्धा ब्रासनेच मोजतं' हा युक्तिवाद तर उलट टेपच्याच बाजूने जातो. गौण खनिजाचं स्वामित्वधन ब्रासवर आकारलं जातं आणि राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात घरकुल लाभार्थ्याला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. पाच ब्रास म्हणजे ५०० घनफूट, पाच ट्रॉल्या नव्हेत. ९१.४ घनफुटांच्या सपाट भरलेल्या पाच ट्रॉल्या आल्या, तर गरिबाच्या हक्काची ४३ घनफूट वाळू कमी पडते.

दुसरा गैरसमज घरकुलाच्या क्षेत्रफळाचा, आणि चूक त्याच जातीची. मीटरचे फूट करायला ३.२८ ने गुणतात, हे सगळ्यांना पाठ असतं. मग प्रधानमंत्री आवास योजनेतल्या किमान २५ चौरस मीटरचेही ३.२८ ने गुणून ८२ चौरस फूट होतात, म्हणजे नऊ बाय नऊची एक खोली! चौरसासाठी ३.२८ ने दोनदा गुणावं लागतं (१०.७६), घनासाठी तीनदा (३५.३१). २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. १६ मिलिमीटरची सळई ८ च्या दुप्पट नव्हे, चौपट वजनाची असते, कारण वजन व्यासाच्या वर्गावर जातं. स्लॅबचं घनफळ २०० घनफूट आलं म्हणून सिमेंट, वाळू, खडी मिळून २०० घनफूट पुरत नाही; कोरडा माल साधारण दीडपट लागतो. प्लास्टर-फरशीच्या मजुरीत 'ब्रास' म्हणजे १०० चौरस फूट, तेव्हा दर कशाचा ते आधी विचारावं. आणि सातबाऱ्यावरचा आर म्हणजे गुंठा नव्हे : आर १०७६ चौरस फुटांचा, गुंठा १०८९ चा.